डोंबिवलीच्या स्टेशनातील संख्या



शहाडहून कल्याण ओलांडले की थोड्याच वेळात डोंबिवली येते. त्या स्टेशनात देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना काही संख्या सुचल्या. स्टेशनावरूनच त्यांनी त्यांना 'डेम्लो' हे नाव दिले. त्यांतली एक आज आपण घेऊ: १२३४५६७८९८७६५४३२१.

ही सतरा अंकी संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. पाटीवर गुणाकार मांडा. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाला एकच एक, शेजारी दोन, मध्यावर नऊ, मग उतार. एकंदर एक ८१, म्हणून अंकांची बेरीजही ८१!

आता दहा एक घ्या. मध्यावर दहा भरतात, हातचा येतो आणि उत्तर निघते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गेला, जिना मोडला.

येथेच पंडित म्हणत, हा तर दशमान पद्धतीचा खेळ. आक्षेप खरा आहे. बारा चिन्हांनी मोजले असते तर जिना अकरापर्यंत चढता. परंतु हातचा कोठे व का येतो हे ज्या मुलाला उमगले त्याला गुणाकार उमगला, असे आम्हांस वाटते. कापरेकरांनी ही थट्टा पुष्कळ सोसली. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली एका अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे त्यांचे नाव जगभर झाले.

त्या मोडक्या जिन्याच्या अंकांची बेरीज मात्र करून पाहा. शंभर नव्हे, ८२ भरते. प्रत्येक हातचा दहा घेऊन एक परत देतो, म्हणजे नऊ घटतात. येथे हातचे दोनदा आले.