तळफळा घरातही हवा



दिवाळी जवळ आली की आपल्या पारनेर तालुक्यात घरोघरी रंगाची लगबग सुरू होते. आता कुठे कुठे मुलांसाठी वेगळी खोलीही निघते. ती रंगवताना भिंतीचा खालचा भाग मुलांना देऊन टाका, एवढंच सांगायला मी आज आले आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांत तळफळे, म्हणजे भिंतीवरचे जमिनीलगतचे फळे, तुम्ही पाहिले असतील. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमधले ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतात असे, वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. अशा वर्गांत फळा जमिनीलगत आला आणि गुरुजींच्या फळ्यापर्यंत हात न पोचणारं पोर मांडी घालून भिंतीवर लिहू लागलं. हे घरी का होऊ नये? जमिनीपासून अडीच-तीन फुटांचा पट्टा पुरे. तिथला जुना चुना मात्र खरवडून काढा, कारण चुन्याच्या पापुद्र्यावर तेलरंग धरत नाही. भिंत धुऊन चांगली वाळू द्या, प्रायमर लावा, मग फळ्याच्या काळ्या रंगाचे दोन हात.

वरच्या भागावर बाजारातली कार्टून कशाला? आपलं शिवार काढा. आपल्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या मुलांना तर केवढा विषय आहे! 1975 साली अण्णा हजारे गावी परतले, यादवबाबांचं मंदिर दुरुस्त झालं आणि पुढे श्रमदानातून पाणी अडवायचं काम उभं राहिलं. डोंगरावरचे चर, खाली नालाबांध, मग पाझर तलाव, त्याखालच्या विहिरी. या क्रमानं चित्र काढलं की पाणी कसं मुरतं ते पोराला रोज दिसेल. माती गेरूची, पाणी निळीचं. गेरू हाताला लागू नये म्हणून त्यात डिंकाचं पाणी घाला. फार रंग लागतच नाहीत. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, ती गेरू-शेणाच्या रंगावरच्या पांढऱ्या रेघांच्या वारली चित्रांसाठी.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. असा रंग कोरडा घासू नका, भिंत ओली करून खरवडा, आणि तोवर मुलांना दुसरीकडे ठेवा. 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग आहे. डब्यावर तसं छापलेलं असतं. ते वाचूनच रंग घ्या.