घास देणारे हात किती?

(गणेशोत्सवात मंडळात केलेले भाषण)



राज्य शासनाच्या पशुपालन खात्यात असल्यामुळे मला गाई-म्हशींवर बोलायची सवय. यंदा मंडळाने सांगितले, घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या वाढत्या वजनावर बोला. विषय वेळेवर आला, कारण हे दहा दिवस त्यांच्याही पंगतीचे असतात.

पहिला घास गाईला आणि शेवटची पोळी कुत्र्याला, ही आपल्या घरांतली जुनी रीत. पण त्या काळचा कुत्रा दिवसभर चार गल्ल्या फिरून, रात्री वाडा राखून ती पोळी खाई. आजचा गॅलरीत बांधलेला असतो. मांजरीलाही आता उंदरामागे धावावे लागत नाही. श्रम कमी झाले आणि घास देणारे हात वाढले. आजोबा चहाबरोबर बिस्कीट देतात, वहिनी तूप लावलेली पोळी देतात, मुले आपल्या ताटातले टाकतात, पाहुणे मावा जिलेबीचा तुकडा पुढे करतात. प्रत्येकाला वाटते, मी थोडेच दिले. बेरीज कोणीच करत नाही.

ती आज करू. नसबंदी झालेल्या, 10 किलोच्या घरगुती कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी पुरतात. वरचे खाणे त्यात 10 टक्क्यांच्या आत असावे, म्हणजे 60 कॅलरी. ग्लुकोजच्या एका लहान बिस्किटात सुमारे 25 कॅलरी असतात. दोन बिस्किटांत त्याचा दिवसाचा खाऊ संपला! 4 किलोच्या मांजरीला साधारण 240 कॅलरी लागतात. 20 ग्रॅमचा एक पेढा म्हणजे तिचे तिसरा हिस्सा जेवण.

जास्त वजनाने सांधे दुखतात, धाप लागते, मांजरांना मधुमेह जडतो. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्याच्या पाऊणपट अन्न दिले. 2002 साली निष्कर्ष आला: कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षे जास्त जगले. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षे फार मोठी असतात.

वजन जास्त आहे का, हे घरीच पाहता येते. बरगड्यांवरून हलकेच हात फिरवा. आपल्या उताण्या तळहाताला बोटांखाली जसे मऊ लागते तशा बरगड्या दबलेल्या लागल्या, तर वजन जास्त. पालथ्या हाताच्या हाडांसारख्या सहज लागल्या, तर ठीक. आवळलेल्या मुठीच्या सांध्यांसारख्या टोचल्या, तर जनावर हडकलेले आहे.

उपाय सोपा आहे. आधी पशुवैद्यकांना दाखवून दिवसाचे प्रमाण ठरवा. तेवढे अन्न सकाळीच एका डब्यात काढून ठेवा. ज्याला द्यायचे असेल त्याने त्याच डब्यातून द्यावे. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचे खाणे संपले. आजोबांचा आनंद हिरावू नका. बिस्किटाऐवजी त्यांच्या हाती काकडीची चकती द्या आणि शक्य असेल तर कुत्र्याची दोरीही. संध्याकाळच्या फेरीचा दोघांनाही फायदा होईल.

दर पंधरा दिवसांनी वजन करा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग आपले वजन वजा करा. कुत्र्याचे वजन आठवड्याला 1 ते 2 टक्के उतरले तरी पुष्कळ. मांजरीचे याहून हळू उतरू द्या. मांजरीला उपास घडवू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर तिच्या यकृतात चरबी साचून ते जिवावर बेतू शकते.

जाता जाता प्रसादाविषयी. खिरापतीतले बेदाणे आणि चॉकलेटचे मोदक कुत्र्या-मांजरांना विषारी ठरू शकतात. कांदा-लसणाची भाजीही देऊ नका. आरतीनंतर प्रसादाचे ताट उंचावर ठेवा आणि पाहुण्यांना आधीच हात जोडून सांगा, ‘त्याचे जेवण झाले आहे.’

मुक्या जनावराला ‘पुरे’ म्हणता येत नाही. ते त्याच्या वतीने आपणच म्हणायचे आहे.

गणपती बाप्पा मोरया!