रंगभूमीवरून बोलपटाकडे

इंदूरमध्ये १९२९ साली लता मंगेशकरांचा जन्म झाला. वडील मास्टर दीनानाथ तेव्हा बलवंत संगीत मंडळीचा प्राण होते.

बोलपट आला आणि नाटकगृहं ओस पडू लागली. मग बलवंत मंडळीच चित्रपटात उतरली. न. चिं. केळकरांचं ‘कृष्णार्जुनयुद्ध’ हे नाटक १९३४ मध्ये पडद्यावर आलं. दिग्दर्शन विश्राम बेडेकर आणि चिंतामणराव कोल्हटकरांचं.

इंग्लंडमध्येही अशीच धडपड चालली होती. शॉन ओकेसीच्या गाजलेल्या आयरिश नाटकावर हिचकॉकनं १९३० मध्ये ‘जूनो अँड द पेकॉक’ काढला. आवाज मागाहून जोडायची सोय नव्हती. त्यामुळे नट बोलत असतानाच बाजूला वादक वाजवत, आणि ग्रामोफोनचा भास व्हावा म्हणून एक जण नाक दाबून गात असे!

बलवंतची चित्रपट कंपनी मात्र लवकरच बुडाली. दीनानाथांच्या तेजस्वी गळ्याला पडद्यानं न्याय दिला नाही, ही हळहळ आजही वाटते.