लांडगा : चोर की वाटेकरी?



आज तुमच्याशी लांडग्याविषयी बोलायचं आहे. नाव काढताच तुमच्यापैकी काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. ज्याच्या कोठ्यातली बकरी गेली त्याच्यापुढं लांडग्याचं कौतुक करू नये, एवढं मलाही समजतं. म्हणून मी कौतुक करणार नाही, हिशेब मांडणार आहे. हिशेबात जमा असते तसा खर्चही असतो, आणि दोन्ही बाजू वाचल्याशिवाय वही मिटायची नसते.

माझं लहानपण वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका गावी गेलं. १९७२ च्या आधीची ही गोष्ट. शिकारीचा कायदा तेव्हा आजच्यासारखा कडक नव्हता. आमच्या गावात दोन शिकारी होते. एक होते गावचे मातबर शेतकरी. त्यांच्याजवळ पीक राखायची परवान्याची बंदूक होती. त्यांना सारा गाव आबाजी म्हणे. दुसरे फासेपारधी समाजातले एक म्हातारे गृहस्थ. त्यांचं बिऱ्हाड गावाबाहेर माळावर असे. तितर, लावे धरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांना आम्ही पोरं बाबा म्हणत असू.

हे दोघं हिवाळ्यात कधी शेकोटीला एकत्र बसले की लांडग्यावरून त्यांचा वाद ठरलेला.

आबाजी म्हणायचे, "लांडगा म्हणजे चोर. रानातलं हरीण तोच खाते अन् गावातली बकरी बी तोच खाते. दिसला का घालावा."

बाबा विस्तवात काडी सारत म्हणायचे, "चोर काऊन म्हनता आबाजी? आपून या रानात यायच्या आंधी तो इथला शिकारी हाय. तुम्ही कळपातलं सगळ्यात मोठं शिंगाचं काळवीट पाहता. तो लंगडं, दुखनाईत पाहते. सांगा आता, कळपाचा दुश्मन कोन?"

यावर आबाजींजवळ उत्तर नसे. पण बाबांजवळही एका गोष्टीचं उत्तर नव्हतं. आमच्या आळीत एक विधवा बाई चार बकऱ्यांवर संसार चालवीत होती. एका रात्री त्यांतल्या दोन लांडग्यानं नेल्या. दुसऱ्या दिवशी आबाजींनी बाबांना एवढंच विचारलं, "आता तिले सांगा, लांडगा कोन हाय ते." बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत.

श्रोतेहो, तो वाद माझ्या मनातून अजून गेलेला नाही. कारण दोघंही शिकारी होते, दोघंही रान जाणत होते, आणि दोघंही आपापल्या जागी खरे होते.

असा वाद काही आमच्या शेकोटीपुरताच नव्हता. इंग्रजी अमलात सरकारनं आबाजींची बाजू घेतली होती. लांडगा मारून आणणाऱ्याला बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात दोन लाखांहून अधिक लांडगे मारले गेले. आज देशात लांडगे किती? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अंदाजानुसार जेमतेम तीन हजारांच्या आसपास. वाघाची मोजदाद दर चार वर्षांनी होते, वर्तमानपत्रं तिचे मथळे छापतात. लांडगा मात्र वाघाइतकाच दुर्मिळ होऊन बसला आहे, आणि त्याची कुणाला खबरही नाही.

तिकडे अमेरिकेतही सरकारी शिकारी लांडगे मारीत. त्यांच्यात आल्डो लिओपोल्ड नावाचा एक तरुण वन अधिकारी होता. लांडगे कमी झाले म्हणजे हरणं वाढतील आणि शिकाऱ्यांची चंगळ होईल, असा त्याचाही समज होता. त्यानं स्वतः लांडगे मारले. पुढं त्यानं पाहिलं की जिथं लांडगा संपला तिथं हरणं बेसुमार वाढली, त्यांनी डोंगर बोडके केले आणि शेवटी ती स्वतःच उपासमारीनं मेली. १९४९ साली, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरानं, त्याचं पुस्तक निघालं. त्यात त्यानं आपली ती चूक कबूल केली आहे. म्हणजे आमचे आबाजी आणि बाबा एकाच माणसाच्या आयुष्यात एकामागून एक येऊन गेले म्हणा ना!

पुढं त्याच देशात गेलेला लांडगा परत आणायचं ठरलं. यलोस्टोन नावाचं तिथं मोठं राष्ट्रीय उद्यान आहे. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत कॅनडातून एकतीस लांडगे आणून तिथं सोडले. एल्क नावाचं तिकडं सांबरासारखं मोठं हरीण असतं. उद्यानाच्या उत्तर भागातल्या कळपात १९९४ च्या सुमारास एकोणीस हजार एल्क होते, ते २०१३ पर्यंत चार हजारांवर आले. यात एकट्या लांडग्याचा हात नव्हता. अस्वलं होती, दुष्काळ होता, आणि माणसांची शिकारही होती. पण बंदूकवाल्यांत उभी फूट पडली. काही म्हणाले, आमचं हरीण लांडग्यानं पळवलं. काही म्हणाले, ज्या रानात लांडगा नाही ते रान कसलं, ती तर हरणांची गोशाळा!

कोलोरॅडो राज्यात तर २०२० साली यावर मतदानच झालं. लांडगा आणावा असं म्हणणारे अगदी थोड्या मतांनी जिंकले. त्यांना बळ मिळालं ते मुख्यतः शहरांतून. डिसेंबर २०२३ मध्ये दहा लांडगे सोडले गेले ते मात्र डोंगराकडच्या भागात, जिथल्या पुष्कळ पशुपालकांनी विरोधात मत दिलं होतं. मत एकाचं आणि गाय दुसऱ्याची, असा तो प्रकार झाला. म्हणूनच तिथल्या कायद्यात मारल्या गेलेल्या जनावराची भरपाई देण्याची तरतूद करावी लागली.

मंडळी, एवढ्या दूरची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. आपल्या हिशेबाचं मर्म तिच्यात आहे. लांडग्याचा नफा एकाच्या घरात जातो आणि तोटा दुसऱ्याच्या. लांडगा ससे, उंदीर, हरणांची पाडसं खातो. डुकराचं पिल्लू सापडलं तर तेही सोडत नाही. याचा फायदा थोडाफार का होईना, कपाशी, तूर, हरभरा पेरणाऱ्याला. रोही आणि रानडुकरापायी रात्र रात्र जागल करणाऱ्यांना मी काय सांगतो ते कळेल. आणि बकरी जाते ती कोणाची? ज्याच्याजवळ बहुधा एकरभरही शेत नाही त्याची. नाहीतर सुगीनंतर मेंढ्या घेऊन येणाऱ्या धनगराची, काठेवाड्याची. काही धनगर तर कळपात लांडग्याचाही वाटा असतो असं मानतात. त्यांचं मन मोठं आहे. पण गावानं त्यांच्या मोठ्या मनावर आपला खर्च भागवू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लांडगा आला की डुकरं आणि रोही नाहीसे होतील, असं कोणी म्हणत असेल तर तो तुमची फसवणूक करतो आहे. पूर्ण वाढलेल्या रोह्याच्या वाटेला आपला वीस किलोच्या आसपासचा लांडगा सहसा जात नाही. तो रानाचा तोल सांभाळणाऱ्या अनेकांपैकी एक आहे, एवढंच.

मग आपल्या जिल्ह्यात लांडगा कुठून तरी आणून सोडावा काय? मला विचाराल तर, नाही. पिंजऱ्यातून आणलेला लांडगा राहील कुठं आणि खाईल काय? बोरचं अभयारण्य १९७० चं. २०१४ साली तो व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाला त्याचा आधार आहे. पण लांडग्याला दाट जंगल नको असतं. त्याला हवा असतो उघडा माळ, गवत, विरळ झुडपं, आणि पिल्लं ठेवायला एखाद्या नाल्याकाठची शांत जागा. म्हणजे आपण ज्याला ई-क्लास म्हणतो, झुडपी जंगल म्हणतो, ती जमीन. सातबाऱ्यावर तिला किंमत नाही म्हणून आपण तिला पडीत समजलो. कुणी नांगरली, कुणी मुरूम खोदला, आणि कुठं कुठं तर चांगल्या गवतात खड्डे करून झाडं लावली. याच गवतावर आपली गवळाऊ गाय पोसली गेली, हे आपण विसरलो. झुडपी जंगल हे वनच आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये दिला. आपला वर्धा जिल्हा त्या निर्णयात येणाऱ्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे. माळ राखला, त्यावर हरीण आणि ससा राखला, तर लांडगा आपल्या पायांनी येईल आणि बकरीकडे कमी पाहील. जिथं रानात खायला उरत नाही तिथंच त्याचं सारं पोट शेळ्यामेंढ्यांवर येतं, हे लक्षात ठेवा.

आता काही कामाच्या गोष्टी.

पहिली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत लांडगा आहे. त्याला मारणं, विष घालणं, पिल्लांसकट बीळ बुजवणं हा गंभीर गुन्हा आहे. रोही आणि डुकरासाठी वनखात्याकडून परवानगीची जी तजवीज आहे, तिच्यात लांडगा येत नाही. मेलेल्या बकरीत घातलेलं विष लांडग्यापर्यंतच थांबत नाही. गावची कुत्री मरतात, गिधाडं मरतात.

दुसरी. जनावर मारलं गेलं तर ते जागचं हलवू नका. अठ्ठेचाळीस तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनक्षेत्रपालाला कळवा. १९२६ हा वनविभागाचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. पंचनामा झाल्यावर शासनाकडून नुकसानभरपाई मिळते आणि तीत लांडग्यानं मारलेली शेळीमेंढीही धरलेली आहे. पूर्ण किंमत मिळत नाही, हे खरं. पण पुष्कळ माणसं अर्जच करीत नाहीत, आणि मग राग कायद्यावर न निघता लांडग्यावर निघतो. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज गावातल्या लिहित्या माणसानं लिहून द्यावा. हे पुण्याचं काम आहे.

तिसरी. रात्री बकऱ्या उघड्यावर बांधू नका. चांगला काट्यांचा वाडगा, बंद दाराचा कोठा आणि जागं कुत्रं, यांनी बहुतेक नुकसान टळतं.

चौथी. लहान मुलांना जपा. लांडगा माणसावर सहसा येत नाही, पण कधीच येत नाही असं मी म्हणणार नाही. २०२४ साली उत्तर प्रदेशात बहराईच जिल्ह्यात लहान मुलांचे बळी गेले, ते आपण सर्वांनी वाचलं आहे. माळाकाठी वस्ती असेल तर लहान लेकरांना रात्री उघड्या अंगणात निजवू नका. आणि लांडगा दिवसाढवळ्या वस्तीत घुसू लागला, किंवा पिसाळल्यासारखा वागू लागला, तर लगेच वनखात्याला कळवा.

पाचवी. गावातल्या मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करा, त्यांना रेबीजची लस टोचून घ्या. कुत्र्यांचे रोग लांडग्याला जडतात. शिवाय पुण्याकडे लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचंही आढळलं आहे. असा संकर वाढला तर बंदूक न चालवताही लांडग्याची जात संपेल.

शिक्षक मित्रांनो, तुम्हांला एक विनंती आहे. गोष्टीच्या पुस्तकातला लांडगा नेहमी लबाड आणि दुष्ट असतो. ती गोष्ट मुलांना जरूर सांगा. पण एक वहीही घाला. आपल्या शिवारात हरीण, ससा, कोल्हा, लांडगा कुणी, कुठं, कोणत्या महिन्यात पाहिला ते मुलांनी घरच्या गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारून लिहावं. कोणाची बकरी गेली, अर्ज केला का, पैसे किती दिवसांनी मिळाले, हेही त्याच वहीत लिहावं. पिल्लं असलेली जागा मात्र वहीत लिहू नका आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. अशा दहा वर्षांच्या वहीतून गावाला जे कळेल ते माझ्या दहा भाषणांतून कळणार नाही.

आबाजी गेले, बाबाही गेले. ज्या माळावर बाबांचं बिऱ्हाड होतं तिथं आता गवत उरलेलं नाही. मागल्या वर्षी त्या गावी गेलो होतो. रात्री डुकरं हाकलणाऱ्यांचे आवाज चारी बाजूंनी येत होते. लांडग्याची हूल मात्र ऐकू आली नाही.

तो चोर की वाटेकरी, हा वाद आज मला असा सुटलेला दिसतो. माळावर त्याचा वाटा त्याला राहिला, आणि ज्याची बकरी गेली त्याची भरपाई गावानं आणि सरकारनं वेळेवर केली, तर तो वाटेकरी. माळही नाही आणि भरपाईही नाही, तर तो चोरच ठरणार, आणि त्याला चोर करणारे आपण. त्या विधवा बाईच्या दोन बकऱ्यांचे पैसे तेव्हा कोणी भरून दिले असते, तर मला वाटतं, आबाजी आणि बाबा यांचा वाद त्या शेकोटीवरच मिटला असता.