कार्यालयीन ई-मेल आणि मुक्तस्रोत संगणक



तालुक्याच्या कचेरीत टपाल आले की प्रथम त्याची बारनिशीत नोंद व्हावयाची, मग ते संबंधित कार्यासनाकडे जावयाचे. वाचणाऱ्याचा चष्मा कोणत्या बनावटीचा आहे, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे. आज तेच टपाल ई-मेलने येते आणि प्रश्न उभा राहतो : कार्यालयाचे पत्र वाचण्यासाठी एका विशिष्ट कंपनीचीच संगणकप्रणाली असली पाहिजे काय?

1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव हे पाच तालुके आहेत. येथील ग्रामपंचायतींच्या व शाळांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. विंडोज 10 या प्रणालीची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली आणि पुढील आवृत्ती अनेक जुन्या संगणकांवर चालत नाही. असा संगणक अडगळीत टाकण्यापूर्वी मुक्तस्रोत प्रणालीचा विचार करणे इष्ट होय. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, 2007 मध्ये 'बॉस' ही लिनक्सवर आधारित प्रणाली उपलब्ध करून दिली. तीत मराठीची सोय आहे. केंद्र शासनानेही 2015 मध्ये मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

प्रणाली बदलल्यावर वरिष्ठांचे पत्र उघडेल काय, ही शंका साहजिक आहे. तिचे उत्तर संगणकाइतकेच टपाल सांभाळणाऱ्या सर्व्हरवरही अवलंबून असते. पत्र पाठविण्याचा 'एसएमटीपी' हा नियम 1982 पासून सर्वांना खुला आहे. 'आयमॅप' या पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवरच राहते आणि कोणत्याही संगणकावरून वाचता येते. संगणक बिघडला तरी टपाल बुडत नाही.

अडचण आली ती कंपन्यांच्या खाजगी नियमांमुळे. 1996 मध्ये बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या 'एक्स्चेंज' सर्व्हरचा पूर्ण उपयोग त्याच कंपनीच्या 'आउटलुक'मधून होई. लिनक्सवरील 'इव्होल्यूशन' या कार्यक्रमासाठी केलेला जोड 2004 मध्ये मुक्तस्रोत झाला आणि 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या नियमांचे दस्तऐवज प्रसिद्ध केले. त्यानंतर ही वाट पुष्कळच सुकर झाली.

मुक्तस्रोत प्रणाली म्हणजे गरिबाची तडजोड, हा समजही सोडला पाहिजे. औंढा नागनाथ परिसरात ज्या 'लायगो-इंडिया' वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली, तशा परदेशांतील लायगो वेधशाळांचे गणनकार्य प्रामुख्याने लिनक्सवरच चालते.

व्यवहारात करावयाचे ते थोडके आहे. प्रथम फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमधून कार्यालयीन टपाल उघडून पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. टपाल संगणकातील 'थंडरबर्ड' किंवा 'इव्होल्यूशन'मध्ये हवे असल्यास सर्व्हरच्या प्रशासकाकडून आयमॅपची परवानगी व सर्व्हरचे नाव मागून घ्यावे. परवलीचा शब्द कोणालाही सांगू नये, भिंतीवर लिहून ठेवू नये. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकावा; जुन्या टंकांतील अक्षरे दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उमटतात.

टपाल उघडत नाही म्हणून खाजगी खात्यावर पत्रव्यवहार सुरू करणे, हा मात्र उपाय नव्हे. कर्मचाऱ्याची बदली झाली की त्या खात्यातील पत्रे त्याच्याबरोबर जातात. नवा ग्रामपंचायत अधिकारी रिकाम्या दप्तरासमोर बसतो आणि मंजुरीचे पत्र मागणाऱ्या ग्रामस्थाला उत्तर मिळत नाही. केंद्र शासनाच्या 2015 च्या ई-मेल धोरणाने शासकीय कामासाठी शासकीय सेवेचाच आग्रह धरला, त्यामागील एक विचार हाच आहे.

नवा संगणक अथवा नवी ई-मेल सेवा घेताना पंचायतीने एकच प्रश्न आग्रहाने विचारावा : येथील टपाल उद्या दुसऱ्या संगणकावरून, दुसऱ्या प्रणालीतून उघडेल काय? 'होय' हे उत्तर लेखी मिळाल्यावरच मागणीपत्रावर सही व्हावी. संगणक पाच-सात वर्षांनी बदलतो; दप्तर मात्र गावाचे असते आणि ते गावाकडेच राहिले पाहिजे.