ओझे, वाट आणि ऋतू



पत्रिकेतील विषय वाचून काही मंडळींचा असा समज झालेला दिसतो की, आज संसाराच्या ओझ्यावर काही तात्त्विक विवेचन ऐकावयास मिळेल. त्यांची मी आधीच क्षमा मागतो. मी बोलणार आहे ते किलोत मोजता येणाऱ्या ओझ्याविषयी. पाठीवर पिशवी बांधून, तीत दहाबारा किलो वजन घालून रोज चालावयास जाणे, ही माझी सवय. हल्ली तिला 'रकिंग' म्हणतात. 'रकसॅक' या शब्दातला हा 'रक' मूळचा जर्मन, आणि त्याचा अर्थ पाठ. म्हणजे नाव नवे असले तरी प्रकार पाठीइतकाच जुना आहे.

किती जुना? रोमन लष्करावर लिहिणारा व्हेजेटियस हा ग्रंथकार सांगतो की, नव्या शिपायांना ६० पौंडांपर्यंत ओझे घेऊन चालण्याचा सराव द्यावा. रोमन पौंड लहान असल्याने हे वजन आपल्या हिशेबाने २० किलोंच्या आसपास येते. आणि तो पुढे म्हणतो की, हे चालणे केवळ सपाटीवर नसावे, चढउताराच्या वाटांवरही असावे. सोळाशे वर्षांपूर्वीची ही सूचना मी वेळेवर वाचली असती, तर माझे एक मनगट वाचले असते. ती हकीकत आता सांगतो.

माझे वडील हमाल होते. प्रथम भवानी पेठेत, आणि भुसार बाजार गुलटेकडीला गेल्यावर तेथे. शंभर किलोंची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून चढावयाचे आणि थप्पीला लावावयाची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा दिनक्रम. त्या गोण्यांवर आम्ही भावंडे शिकलो. मी कारकून झालो, खुर्चीवर बसलो, आणि पन्नाशीच्या सुमारास डॉक्टरांनी सांगितले की, चाला, आणि जमल्यास थोडे वजन घेऊन चाला. त्याप्रमाणे २००६ सालच्या जानेवारीत मी एका सॅकमध्ये बारा किलो तांदूळ भरले आणि एरंडवण्यातून पर्वतीपर्यंत जाऊन येऊ लागलो. वडील तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांनी ओट्यावरची सॅक एका हाताने उचलून पाहिली.

"किती आहे?"

"बारा किलो, दादा."

"आणि पोचवायचं कुठं?"

"कुठं नाही. घेऊन जायचं आणि परत आणायचं."

ते काही बोलले नाहीत. हसलेही नाहीत. ज्या ओझ्यातून मुलाला सोडवण्यासाठी जन्म घातला, तेच मुलगा हौसेने पाठीवर घेतो, आणि तेही कुणाला नको असलेले! मला त्या दिवशी फार अवघडल्यासारखे झाले. पण सवय सोडावी असे वाटले नाही.

सवय सोडली ती उन्हाळ्याने. तीच वाट, तेच तांदूळ, तेच १०३ पायऱ्यांचे गणित. एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीला टेकला आणि माझा निश्चय वितळला. जूनमध्ये पाऊस पडताच लाजेने पुन्हा सुरुवात केली, तीही बारा किलोंनीच. कारण वजन कमी करणे म्हणजे हार, अशी माझी समजूत! जुलैत एका सकाळी पर्वतीच्या शेवाळलेल्या पायरीवर उतरताना पाय सटकला. पाठीवरच्या ओझ्याने मला सावरू दिले नाही. मनगट मोडले, तांदूळ मात्र शाबूत राहिले.

प्लॅस्टरमधल्या सहा आठवड्यांत वाचन झाले. पॅन्डॉल्फ नावाच्या अमेरिकन संशोधकाने सहकाऱ्यांसह १९७७ साली एक समीकरण प्रसिद्ध केले आहे. ओझे घेऊन चालणाऱ्याची किती शक्ती खर्च होते, ते त्यावरून काढतात. त्यात वजन, वेग आणि चढ यांच्याबरोबर जमिनीचाही गुणक आहे. डांबरी रस्त्याला १ धरला, तर कच्च्या रस्त्याला १.१, दाट झुडुपांतून १.५, दलदलीत १.८ आणि भुसभुशीत वाळूत २.१. म्हणजे आषाढात टेकडीच्या चिखलातून आठ किलो घेऊन जाणारा माणूस पौषात कोरड्या रस्त्याने बारा किलो नेणाऱ्यापेक्षा आळशी ठरत नाही. मी किलो मोजत होतो. ऋतू आणि वाट यांना हिशेबात धरलेच नव्हते.

पण शास्त्राने वजनाचा प्रश्न सुटला, तरी दादांचा प्रश्न तसाच होता. त्याचे उत्तर मला पुढच्या मार्चमध्ये वेताळ टेकडीवर मिळाले. गिरिपुष्पाचा गुलाबी बहर ओसरत होता. काही माणसे खालून डब्यांतून पाणी आणून कडुनिंबाच्या, बहाव्याच्या रोपांना घालीत होती. त्या पातळ मुरमात रोप लावणे सोपे, मे महिना काढणे कठीण. मी दुसऱ्या दिवशी तांदूळ घरी ठेवले आणि पाच लिटरचे दोन डबे भरून नेले.

मित्रहो, पाण्यासारखे ओझे नाही! एक लिटर म्हणजे एक किलो, तराजूची गरज नाही. डबा मात्र काठोकाठ भरावा. अर्धवट भरला तर आत पाणी हिंदकळते आणि प्रत्येक पावलाला माणूस बाजूला ओढला जातो. वजन पाठीला चिकटून आणि खांद्याच्या बाजूला वर असावे, कमरेचा पट्टा घट्ट असावा. आणि मोठा फायदा असा की, ओझे वरच संपते. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखावतात ते उतरताना; तेव्हा तुम्ही रिकामे असता. शिवाय रोपे एका जागी नसतात. आज गोखलेनगरच्या बाजूने, उद्या पंचवटीकडून, परवा विधी महाविद्यालयाच्या मागून, असे जावेच लागते. वाट बदलण्यासाठी वेगळा निग्रह करावा लागत नाही. उन्हाळ्यात मी पहाटे पाचला निघतो. ज्या ऋतूत पूर्वी सवय मोडत असे, त्याच ऋतूत आता खाडा करता येत नाही. कारण वर कोणीतरी तहानलेले आहे.

पावसाळ्यात रोपांना माझी गरज नसते आणि टेकडीची माती बुटांना शेरभर चिकटते. तेव्हा मी डांबरी रस्ता धरतो आणि दळण नेतो. आमच्या कोपऱ्यावर गिरणी आहे. मी तीन किलोमीटरवरच्या गिरणीत जातो. आठ किलो ज्वारी प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधून न्यावयाची, पीठ घेऊन यावयाचे. शेजाऱ्यांचेही दळण नेतो. सुरुवातीला त्यांना माझ्या प्रकृतीची शंका आली, आता दार वाजवून डबे देतात. हिच्या मते त्या गिरणीचे पीठ जाडसर येते. हा मतभेद अजून मिटलेला नाही.

हिवाळ्यात मात्र रविवारी आतकरवाडीहून सिंहगड. चढ सुमारे ६०० मीटरांचा. एकदा निम्म्या वाटेवर बसलो असता डोक्यावर दह्याची मडकी घेतलेल्या एका बाई मला मागे टाकून गेल्या आणि वळून विचारते झाल्या, "काय इकायला नेताय, आजोबा?" त्या दिवशी सॅकमध्ये पुन्हा तांदूळच होते. मी खरे सांगितले. त्या इतक्या हसल्या की त्यांना मडके सावरावे लागले. तेव्हापासून त्यांच्या झोपडीतले बेसन, साखर, कांदे यांतले दहाएक किलो मी वर नेतो. भज्यांचे पैसे मी पुरते देतो आणि वाहण्याचे घेत नाही. यात उपकार माझ्यावर आहे. त्या रोज नेतात, त्यांना ऋतू निवडता येत नाही, हे मी विसरू शकत नाही. माझी हौस आणि त्यांचे पोट एकाच पायवाटेने चढत असते.

पाण्याच्या डब्यांची गोष्ट मी दादांना त्याच मार्चमध्ये सांगितली होती. त्यांनी डबा भरलेली सॅक मागितली, माझ्या पाठीवर चढवली, पट्टे स्वतः ओढून दोन बोटे वर घेतले आणि म्हणाले, "आता नीट बसलं. जा, ऊन व्हायच्या आत पोचव."