बाईमाणसाला बसायला जागा



मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही. चूकभूल पदरात घ्यावी.

मध्यंतरी पुण्यास नणंदेकडे गेले, तेव्हा तिने सारसबागेत नेले. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळे करविले. त्यातल्या बेटावर 1784 साली सवाई माधवरावांनी गणपती बसविला. म्हणून तो तळ्यातला गणपती. पुढे तळे हटले, बाग आली. शेजारी 1953 साली पेशवे पार्क झाले आणि 1956 पासून मुलांची फुलराणी गाडी धावू लागली. लहानपणी मी तेथे वाघ पाहिला होता. पुढे जनावरे कात्रजला नेली.

हिरवळीवर टेकले आणि मनात आले, चाळिशी उलटली, पण हातात काम नसता उघड्यावर आपण कधी बसलोच नाही! आपल्याकडे पारावर पुरुष बसतात, बाई थांबली की "काय काम काढलंस?" असे विचारतात. तेथे कोणीच विचारले नाही.

भगिनींनो, पेशव्यांचे तळे सर्वांची बाग झाले. आपल्या मंडळाने जळोचीत चार झाडे अन् दोन बाकडी यापुरती तरी जागा मागावी. झाडांना पाणी मी घालीन.